अष्टविनायकाची गाडी आणि चाकावरचे घर

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत चाकावरच्या घराची कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्यांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात ते तमाशाचे फड आपण लहानपणापासून पाहत आलो. पेट्या, कनाती, भांडी आणि माणसे यांनी भरलेली त्यांची वाहने म्हणजे हंगामभर चालते गावच. आषाढात दिंडीच्या मागून जाणारी मालमोटार हेही अर्धे घरच असते. धनगराचे सारे घर तर घोड्याच्या पाठीवर मावते.

नवे आहे ते इतकेच की, हल्ली हा विचार नोकरीतून निवृत्त झालेला मास्तर, मंचरचा दुकानदार, किंवा नर्मदेच्या काठाने स्वस्थपणे फिरावे असे मनात असलेले एखादे जोडपे करू लागले आहे. भाड्याने चालून दमलेली एखादी प्रवासी गाडी घ्यावी, तिच्यातील आसने काढावीत, दोन माणसांना निजता येईल असा पलंग, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवावी आणि निघावे. साहेबाच्या देशात ही हौस जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टराने १८८५ साली घोड्यांनी ओढावयाचे असे फिरते घर मुद्दाम करवून घेतले होते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा कल्पना वेडगळ नाही. पण तीत शिरणाऱ्या माणसाचा पैसा बहुधा आयुष्याच्या पुंजीतला असतो. म्हणून गाडी कशी पाहावी हे नीट समजून घेतले पाहिजे.

कोणाला विचारले तर तो प्रथम म्हणेल, "इंजिन बघा." आमचे मत निराळे आहे. इंजिन तिसरे. पहिले कागद, दुसरा पत्रा आणि सांगाडा, आणि मग इंजिन. बिघडलेले इंजिन पैसे टाकून उघडता येते, भरता येते, वेळ पडल्यास बदलता येते. सडलेला सांगाडा आणि अडलेले कागद यांवर मात्र गॅरेजवाल्याचा इलाज चालत नाही.

आमच्या भागात अशा गाड्या विपुल का, हे सांगावयास नको. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. पुण्याहून दोन दिवसांत आठ गणपती करणारी गाडी आमच्या दारावरूनच जाते. ही गाडी बहुधा ज्या जातीची असते तिचे घराणेही पुणे जिल्ह्यातलेच. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी गाड्या काढल्या, आणि कारखान्याचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. आज कोठल्याही लहान मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. पुढे मॅटाडोर आली, १९८७ च्या सुमारास टेम्पो ट्रॅव्हलर आली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडी ट्रॅव्हलर हेच राहिले. या गाडीत माणूस जवळजवळ उभा राहू शकतो, तिचे सुटे भाग नारायणगाव, आळेफाटा, मंचर येथे मिळतात, आणि तिचे इंजिन न उघडलेला डिझेलचा फिटर या रस्त्यावर शोधावा लागेल. परदेशी नमुन्याची चकचकीत व्हॅन घेण्यापेक्षा हे तीन गुण अधिक मोलाचे आहेत.

परंतु भाड्याची गाडी म्हणजे सर्व एक नव्हे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी चालकासह भाड्याने जाते; काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती स्वतः चालवावयास भाड्याने दिलेली असते. ही दुसरी जात आम्ही सहसा नाकारू. जो माणूस दोन दिवसांपुरती गाडी घेतो त्याला तिच्या क्लचविषयी माया कशी असणार? पिवळ्या पाटीतही प्रकार आहेत. चाकणच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणारी गाडी ठरावीक रस्त्याने, ठरावीक वेळी धावते, देखभाल बरी होते. पण तिन्ही पाळ्यांना चालल्याने तिला विश्रांती नसते. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी थोडी धावते, पण तिच्यात सतराच्या जागी पंचवीस माणसे बसलेली असतात. यात्रेची गाडी लांब पल्ल्याची, घाटांतून गेलेली, टपावर पिशव्यांचा डोंगर वाहिलेली. आमची पसंती विचाराल तर, ज्याची एकच गाडी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो अशा मालकाची यात्रेची गाडी घ्यावी. बदली चालकांच्या हाती फिरलेल्या दहा गाड्यांच्या ताफ्यातील गाडी रंगाने कितीही ताजी दिसली तरी तिच्यापेक्षा ही बरी.

गाडी किती चालली हे आकडा सांगतो, आणि आकडा मागे फिरवता येतो. म्हणून हिशेब आपणच करावा. पुण्याहून अष्टविनायकांची पूर्ण फेरी सुमारे ६५० किलोमीटरांची होते. महिन्याला चारच फेऱ्या धरल्या तरी २,६०० किलोमीटर, वर्षाला ३१,२००, आणि आठ वर्षांत जवळजवळ अडीच लाख. यातून २०२० आणि २०२१ मधील देवळे बंद असलेले महिने वजा करा. तरीही आठ वर्षांची यात्रेची गाडी "फक्त नव्वद हजार चालली" असे कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दर फिटनेस तपासणीच्या, विम्याच्या आणि सर्व्हिसिंगच्या कागदांवर त्या त्या वेळचा आकडा कोठे ना कोठे लिहिलेला सापडतो. ते कागद तारखेनुसार मांडले की खोटे उघडे पडते. त्या दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे आणखी एक वैगुण्य ध्यानात ठेवावे. न चालताही गाडी झिजते: रबर कडक होते, टाकीत पाणी धरते, ब्रेकचे भाग गंजून धरतात.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी कसा पाहतो ते आठवा. तो दात बघतो, चालवून बघतो, आणि हात फिरवून खांदा बघतो; जुवाखाली खांदा आला असेल तर बैल कितीही धष्टपुष्ट असो, तो पुढे सरकतो. गाडीचा खांदा म्हणजे तिचा सांगाडा. चासीच्या पट्ट्यांवर नवी वेल्डिंग दिसते काय, पाट्यांच्या आधारांजवळ भेग आहे काय, मागच्या चाकांवरचे पत्रे आतून कसे आहेत, पायरीखाली बोट दाबले तर पापुद्रा सुटतो काय, हे पाठीवर झोपून, विजेरी लावून पाहावे लागते. भीमाशंकर आणि माळशेजच्या पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाडीचा गंज वरून कधीच दिसत नाही. वरून दिसतो तो रंग, आणि रंगाखाली लांबी भरलेली असते. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे लोखंड नसून लांबी आहे असे समजावे.

यात्रेच्या गाडीची एक खास जागा आहे, ती मात्र घर करू इच्छिणाऱ्याने विसरू नये. टपावरचे कॅरिअर ज्या बोल्टांनी बसवलेले असते तेथून पाणी आत येते. बसून प्रवास करणाऱ्याला एखादा थेंब चालतो. पण आपण त्या टपाला आतून अस्तर मारणार, त्याखाली गादी टाकणार. मग ते पाणी अस्तराच्या मागे साचून राहते आणि दोन पावसाळ्यांत टपाचे चाळण होते. म्हणून गाडी पाहण्यास शक्य तो पावसाळ्यात जावे. ते न जमल्यास नळीने अर्धा तास पाणी मारवून आत बसावे. खालचे रेक्झिन उचलून फळीही बघावी. काळी पडून मऊ झाली असेल तर पाणी कोठून आले हे विचारल्याखेरीज पुढे बोलू नये.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो, कारण ते काम विश्वासू फिटरचे आहे आणि त्याला बरोबर नेण्यात संकोच करू नये. सकाळी न कळवता जावे आणि इंजिनाला हात लावून बघावे; ते अगोदरच गरम असेल तर थंड असताना ते सुरू होत नसावे. सुरू झाल्यावर तेलाचे झाकण काढून धूर भसाभस वर येतो काय ते पाहावे. यालाच आपले फिटर 'बॅक कॉम्प्रेशन मारते' म्हणतात. मग सात-आठ माणसे बसवून गाडी माळशेज उतरवावी आणि परत चढवावी. उतरताना ब्रेकचा वास आणि चढताना गिअर सुटणे, या दोन गोष्टी सपाट रस्त्यावर कधीही कळत नाहीत.

आता कागदांकडे येऊ. येथेच बहुतेकांचे पैसे बुडतात, म्हणून येथे सावकाश जाऊ.

नोंदणीपुस्तक हा गाडीचा सातबारा समजावा. त्यावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे काय हे प्रथम पाहावे. "कर्ज केव्हाच फिटले" हे तोंडी उत्तर उपयोगाचे नाही. कर्ज देणाऱ्याच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म हातात पाहिजे आणि बोजा कार्यालयाच्या दप्तरातून उतरलेला पाहिजे. चासीवरील क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला छाप पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडावा. थकलेला कर, न भरलेले दंड, संपलेला विमा, फिटनेसची मुदत, हे सर्व आता सरकारी नोंदीत घरबसल्या दिसते. भाड्याच्या गाडीवर दंडाच्या पावत्या पुष्कळ साचलेल्या असतात. हस्तांतरासाठी २९ व ३० नंबरचे फॉर्म लागतात, आणि राज्यातल्या राज्यात घेणाऱ्याने ३० दिवसांत ते कळवायचे असते. कोऱ्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन गाडी वर्षभर त्याच्याच नावावर चालवण्याची जी वाईट रीत आहे तिच्यात दोघांचेही नुकसान आहे. अपघात झाला तर कोर्टात मालक म्हणून पुस्तकातले नाव पुकारले जाते.

इतके झाले म्हणजे गाडी आपली झाली. पण ती अजून प्रवासी भाड्याची गाडीच आहे. तिचा परवाना मूळ मालकाने परत करावयाचा असतो, आणि मग ती परिवहन वर्गातून परिवहनेतर वर्गात नेण्याचा अर्ज होतो. कराचा फरक भरावा लागतो आणि पिवळी पाटी जाऊन पांढरी येते. जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके एम. एच. १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाखाली येतात, तेव्हा हे सारे तेथेच करावयाचे. वर्ग बदलला नाही तर गाडी भाड्याची म्हणूनच राहते. तिला परवाना, वेगळा कर आणि पहिल्या आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, हे चुकत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट फेरफाराची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून नोंदणीपुस्तकातला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात याचा कडक अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आले: अनुज्ञा नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुस्तकात आसने तेरा लिहिली आहेत आणि गाडीत दोनच आहेत, हाही फेरफारच. सुतार म्हणतो, "कोण बघतो हो?" रस्त्यावर कदाचित कोणी बघणार नाही. पण एखादा पादचारी गाडीखाली आला आणि विमा कंपनीचा माणूस पंचनाम्याला आला की तो बघतो. नुकसानभरपाईचा बोजा मग आपल्या घरावर येऊ शकतो. गादीचा रंग ठरवण्यापूर्वी या एका गोष्टीचा निकाल लावला पाहिजे.

फिरत्या घराला कायद्यात जागाच नाही असे मात्र नव्हे. 'मोटर कॅराव्हॅन' ही स्वतंत्र जात मानलेली आहे आणि तिच्यासाठी ए.आय.एस. १२४ हे मानक आहे. बसण्याची जागा आणि मेज, निजण्याची सोय (ती आसनांचीच केली तरी चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामानाची सोय, या चार गोष्टी त्या गाडीत असल्या पाहिजेत आणि त्या गाडीला पक्क्या बसवलेल्या असल्या पाहिजेत. मेज तेवढे सुटे असू शकते. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला परिवहनेतर वाहनांच्या वर्गवारीत स्थान आहे. तेव्हा सरळ मार्ग असा: इसार देण्यापूर्वी नकाशा काढावा, तो घेऊन परिवहन कार्यालयात जावे, अमुक सालच्या अमुक गाडीस असा फेरफार मान्य होईल काय आणि कोणत्या चाचणीसंस्थेचा दाखला लागेल हे लेखी विचारावे. आपले भाग्य असे की, अशा दोन संस्था पुण्यातच आहेत. एक १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. आणि दुसरी १९६७ ची सी.आय.आर.टी. ही दुसरी तर भोसरीला, नाशिक रस्त्यावरच आहे. पुण्याला जाताना तिच्या फाटकासमोरून आपण नेहमी जातो. कार्यालयाने "नाही" म्हटले तर त्या गाडीचा नाद सोडावा. इसार दिल्यानंतर ऐकलेले "नाही" फार महाग पडते.

वजनाचा हिशेब लोक करीत नाहीत, तोही येथे करू. तेरा माणसे प्रत्येकी ६५ किलोंची धरली तर ८४५ किलो होतात; आसने काढली की आणखी काही सवलत मिळते. आता घर भरा. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची प्लायवुडची एक फळी सुमारे ३५ किलोंची असते. सहा फळ्या म्हणजे २१० किलो. शंभर लिटर पाणी, १०० किलो. दीडशे अँपिअर-तासांच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या, जवळजवळ १०० किलो. चार माणसे, २६०. गाद्या, भांडी, शेगडी, सिलिंडर, धान्य, पंखा मिळून शंभर तरी होतातच. बेरीज ७७० वर गेली. म्हणजे हौसेचे घर हे बसलेल्या वऱ्हाडाइतकेच जड होते. आणि वऱ्हाड घाट चढून गेले की उतरते, घर उतरत नाही. शिवाय माणसे गाडीभर सारखी बसतात, पण पाण्याची टाकी आणि कपाट आपण बहुधा मागच्या टोकाला टाकतो. मग पुढची चाके हलकी पडतात आणि डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरच्या वळणांवर सुकाणू हातात राहत नाही. टाकी दोन धुऱ्यांच्या मध्ये, खाली आणि शक्य तो मधोमध असावी. फळी १२ मिलिमीटरची पुरते. काम अर्धे झाले की एकदा वजनकाट्यावर पुढची आणि मागची धुरी निरनिराळी तोलून पाहावी. ऊस आणि कांद्याच्या या मुलखात वजनकाटा नाही असा रस्ता नाही.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो खिडकीतून जात नाही. तळाशी साचतो, आणि पलंगही तळाशीच असतो. म्हणून सिलिंडर आतून बंद अशा कप्प्यात, खाली भोक ठेवूनच बसवावे. मानकासाठी गाडीत ओटा हवा हे खरे, पण दिंडीवाले चूल नेहमी गाडीच्या बाहेर मांडतात, आणि त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा मोठा आहे. विजेचे गणित सोपे आहे: १५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-तास, आणि शिशाची बॅटरी टिकवावयाची तर त्यांतले निम्मेच वापरावेत. दिवे, पंखा आणि लहान शीतपेटी यांना एक रात्र ते पुरतात. वातानुकूलनाची आशा धरू नये.

मुक्कामाविषयी दोन शब्द. भीमाशंकरच्या अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीवाचून रात्री थांबता येत नाही. धरणाच्या पाणलोटाशी, मग ते माणिकडोह असो की डिंभे, गाडी उभी करण्यापूर्वी गावात विचारावे. जुन्नर वनविभागातला बिबट्या आता उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. उसाच्या कडेला गाडी लावून, दार उघडे टाकून, पायरीवर जेवत बसणे हे चित्रात सुंदर दिसते. आमच्या भागात ते करू नये. लहान मूल आणि कुत्रे बरोबर असेल तर मुळीच नाही. उत्तरेकडे जाण्याचा बेत असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, दिल्लीच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि त्यांचे नियम बदलत आले आहेत. निघण्याच्या आठवड्यातच ते विचारून घ्यावेत.

गाडी नावावर झाली, फेरफाराची परवानगी हाती आली, तरी सुताराला लगेच बोलावू नये. आसने तशीच ठेवून, मधल्या वाटेत एक सतरंजी टाकून, ओझरला किंवा लेण्याद्रीच्या पायथ्याशी थंडीतली एक रात्र दोघांनी गाडीत काढावी. पहाटे टपाला आतून हात लावून पाहावा. दोन माणसांच्या श्वासाने तो ओला झालेला असतो, आणि झरोका नक्की कोठे पाडावयाचा हे त्याच वेळी खडूने खूण करून ठेवता येते.